पाद्रीणबाई हसली की रडली

अहो, तुम्ही गेलात, आणि तुमचे पाद्री मात्र इथेच राहिले. दिवाणखान्यातल्या कपाटात, तळघरातल्या केलरमध्ये सायकलींच्या मागे, आणि एक जाडजूड ग्रंथ तर माझ्या मिक्सरखाली. मिक्सर हलतो म्हणून तुम्हीच तो तिथे सारला होतात, आणि मग आख्खा उन्हाळा "माझं सतरावं शतक कुणी उचललं?" म्हणून घरभर शोधत होतात. मला ठाऊक होतं. पण मिक्सर हलायचा थांबला होता, मग मी कशाला बोलू?

परवा मुक्ता आली, कपाट उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, दास मुस आलेस राउस." आपली लेक. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमधून, आईचीसुद्धा 'मामा' झालेली. मी म्हटलं, "बाहेर कुठे काढू? तुझ्या बाबांच्या घरची माणसं आहेत ती." त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की आता माझ्यासाठी डॉक्टरचा टर्मिन घेणार बहुतेक.

पण मी खोटं काय बोलले? लग्न होऊन आले तेव्हा सासरी सासूबाई, सासरे नाना आणि एक दीर एवढाच गोतावळा होता. बाकीची मंडळी तुम्ही नंतर आणलीत. वेल्समधले धर्मगुरू, कवी आणि पंडित, सहाव्या शतकापासून विसाव्यापर्यंत, एकजात मेलेले आणि एकजात रोज जेवणाच्या टेबलावर हजर. आमटीत मीठ कमी आहे हे तुम्हाला कधी कळलं नाही, पण अमक्या पाद्र्यानं तमक्या वर्षी पडसं झालेलं असताना बायबलचं भाषांतर केलं, हे तोंडपाठ.

सगळा घोळ त्या चहाच्या सेटपासून सुरू झाला. कंपनीनं तुम्हाला हॅम्बर्गहून वेल्सच्या एका बंदरात क्रेन दुरुस्तीला पाठवलं होतं, आणि मी सांगितलं होतं, येताना निळ्या फुलांचा चहाचा सेट आणा. तिथे रविवारी दुकानं बंद, पब बंद, वर पाऊस. आडोसा म्हणून तुम्ही एका चॅपलमध्ये शिरलात. भाषेचं अक्षर कळत नव्हतं. तो म्हातारा पाद्री बोलता बोलता चढत गेला, चढत गेला, आणि एकदम सुरातच शिरला. प्रवचन राहिलं बाजूला, गातच सुटला. तिकडे त्याला 'हुइल' म्हणतात म्हणे. तुम्ही बाकावरून ताडकन उठून मोठ्यांदा म्हणालात, "अरे, हे तर आमच्या नानांचं कीर्तन!" नाना वाईला कीर्तनं करायचे, आणि तुम्ही लहानपणी त्यांच्या मागे झांजा वाजवत झोपा काढायचात. त्या रविवारी तुम्हाला जाग आली. घरी आलात ते दोन सुटकेसी भरून पुस्तकं घेऊन. मी अजूनही जाड जर्मन मगमधूनच चहा पिते.

बरं, वाचून गप्प बसावं ना माणसानं. नाही. तुम्ही वेल्श शिकलात, नानांची पगडी वाईहून मागवलीत, आणि दर वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या शरदाच्या कार्यक्रमात वेल्श पाद्र्यांवर कीर्तन करायला उभे राहिलात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात एकेका पाद्र्याचं आख्यान. तेही चर्चच्या गेमाइंडेझालमध्ये, कारण तो हॉल स्वस्तात मिळतो. समोर विमानं बनवणारी आणि सॉफ्टवेअर लिहिणारी आपली पोरं, मागे पेटीवर मी. मंडळानं बटाटेवडे कायम कीर्तनानंतरच ठेवले, त्यामागे काही विचार होता. आधी ठेवले असते तर तुमच्यासमोर मी आणि त्या चर्चची बाई-पाद्री, पास्टोरिन, दोघीच उरलो असतो. ती बिचारी दर वर्षी पहिल्या रांगेत बसायची. एक अक्षर कळायचं नाही, आणि मान डोलवायची. तिचा नवरा घरून केक करून आणायचा आणि कोपऱ्यात उभा राहायचा.

आणि रंगवायचात मात्र तुम्ही! मान्य करते. तो घोड्यावर बसून वाचत निघालेला पाद्री. घोडा सवयीनं जुन्याच गावी गेला, आणि यानं पुस्तकातून डोकं वर न काढता लग्नघरात मर्तिकाचं प्रवचन ठोकलं. आणि तो खुर्चीवाला कवी. त्यांच्याकडे काव्यस्पर्धेत जिंकणाऱ्याला खरीखुरी लाकडी खुर्ची देतात, आणि कुणीच लायक नसेल तर परीक्षक खुर्ची कुणालाच देत नाहीत. हा गडी दर वर्षी खुर्ची आणायला घोडागाडी घेऊन जायचा आणि दर वर्षी रिकामी गाडी हाकत घरी यायचा. तुम्ही त्याचं ते घरी येणं करून दाखवायला लागलात, की पोरं वडे विसरायची. मध्येच तुमच्या तोंडून जर्मन सवयीनं "आल्झो, सज्जनहो" निघायचं आणि तुम्हाला पत्ताही नसायचा.

वेल्समध्ये निम्मं गाव एकाच आडनावाचं, म्हणून माणसाला त्याच्या धंद्यावरून ओळखायचं, ही रीत तुम्ही मंडळात आणलीत. आपल्याकडे तीन जोशी होते. त्यांचे जोशी विमान, जोशी सॉफ्टवेअर आणि जोशी बेकरी झाले, ते कायमचेच. जोशी बेकरीनं बेकरी विकून टॅक्सी घेतली, तरी तो बेकरीच. मी एकदा विचारलं, "आणि मी कोण?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तू काय, पेटी." तुम्हाला गंमत वाटली. मला तितकी वाटली नाही.

इथूनच आपलं ते भांडण सुरू झालं. तुमच्या प्रत्येक आख्यानात एक जागा यायची. जन्म, शिक्षण, दीक्षा, ग्रंथ, वादविवाद, आणि मग घाईघाईत एक ओळ: "विवाह झाला, आठ अपत्ये." की पुढे परत ग्रंथ. मी पेटीवरून दर वर्षी ऐकायची. शेवटी एकदा घरी येताना यू-बानमध्ये म्हटलं, "अहो, ही आठ अपत्यं काय हस्तलिखितातून निघाली?" तुम्ही म्हणालात, "तिच्याबद्दल काही माहितीच मिळत नाही, तर काय सांगू?" मी म्हटलं, "नवऱ्याला तंद्रीत चढवलं घोड्यावर, की आठ जणांना कुणी जेवू घातलं? हा मध्यरात्री मेणबत्त्या जाळायचा, त्या मेणबत्त्या कोण करायचं? चुलीचा धूर, कोंबड्या, दारात आलेले गावकरी?" समोर बसलेली जर्मन बाई घाबरून दुसऱ्या डब्यात गेली. तुम्ही म्हणालात, "गेनाऊ. बरोबर आहे तुझं." आणि पुढल्या वर्षी पुन्हा, विवाह झाला, सहा अपत्ये.

मी तरी सोडते का! दर वर्षी मी तेच म्हणायची आणि दर वर्षी तुम्ही "गेनाऊ" म्हणायचात. गेल्या हिवाळ्यात मात्र तुम्ही नाश्त्याला आलात ते लॉटरी लागल्यासारखा चेहरा घेऊन. "सापडली," म्हणालात. "तुझी पाद्रीणबाई सापडली."

कुठल्याशा डोंगराळ गावचा पाद्री, वेल्श शब्दकोश लिहीत होता. अर्धं आयुष्य घातलेलं. एक दिवस दार उघडं राहिलं, गाय थेट अभ्यासिकेत शिरली आणि अर्धा शब्दकोश चावून बसली. पाद्री नंतर तक्रारीच्या सुरात सांगायचा, की आपण डोकं धरून खाली बसलो, आणि आपली बायको दारात उभी राहून हसली.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. नाव नाही, गाव नाही, जन्म नाही, मृत्यू नाही. नुसती हसली."

काय सांगू अहो, मला ती बाई इतकी आवडली! हातातला ब्रोटशेन पाव तसाच राहिला. दोन-अडीचशे वर्षांत कुणाला तिचं नाव ठेवावंसं वाटलं नाही, आणि तिचं हसू मात्र टिकलं. मी म्हटलं, "बस्स. हिचं कीर्तन करा." तुम्हीही लगेच हो म्हणालात. मला वाटलं, जिंकले. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी तुम्ही चाल लावत बसलात आणि मला ऐकवलंत: उत्तररंगाच्या शेवटी बाईला पश्चात्ताप होतो, ती नवऱ्याच्या पायाशी बसून रडते, आणि दोघं मिळून शब्दकोश पुन्हा लिहितात.

"रडवू नका तिला," मी म्हटलं.

"अगं, बारा वर्षांचं काम गेलं बिचाऱ्याचं. आधी हसली असेल, पण मग रडली असणारच."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये, पण माणूस आहे की नाही ती?"

"माणूस आहे म्हणूनच हसली!"

झालं. हिवाळा गेला, वसंत आला, आणि आपण त्या गाईवरून भांडतोय. बाल्कनीत, बंदराच्या फेरीत, बाजारात बटाटे निवडताना. मुक्ता तिच्या नवऱ्याला, येन्सला सांगायची, आई-बाबांचं एका गाईवरून बिनसलंय. तो सरळ जर्मन मुलगा, त्याला वाटलं भारतात काही जमिनीचा वाद आहे.

मला मात्र पक्कं ठाऊक होतं, तुम्हाला ती पाद्रीणबाई खुपतच नव्हती. तुम्हाला मी खुपत होते. तो राउखमेल्डर. आठवतंय ना? तुम्ही आंधळ्या पाद्र्याचा अंतकाळ रंगवत होतात, सगळा हॉल डोळे पुसतोय, आणि जोशी बेकरीनं आरतीची घाई करून ताटात कापूर पेटवला. छतावरचा धुराचा भोंगा जो किंचाळायला लागला! त्या गोंगाटात तुम्ही हात जोडून म्हणताय, "प्रभो, आता मला ने," आणि दारातून हेल्मेट घातलेले चार फायरवाले आत. मी पेटीवर डोकं टेकवून हसले. इतकी हसले की भात्यावरचा हात सुटला. तुम्ही आठवडाभर माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोललात. मग इतकी वर्षं तो विषय काढला नाहीत, आणि शेवटी त्या गरीब बाईला माझ्या जागी बसवून पायाशी रडवायला निघालात.

अहो, मी तुमच्यावर नव्हते हसले. हे एकदा नीट सांगायचं होतं. तुम्ही त्या पगडीत, हात जोडून, मरणाच्या दारात उभे, आणि तो फायरवाला तुम्हाला विचारतोय, "झिंड झी फेअरलेट्स्ट?" कुठे लागलंय का म्हणून, आणि तुम्ही त्याला म्हणताय, "नाइन, नाही, मी कीर्तनात आहे." मला तुम्ही त्या क्षणी इतके आवडलात, की लग्नातसुद्धा तेवढे आवडला नव्हतात. ते हसू त्याचं होतं. पण तुम्ही मीठ मागत राहिलात आणि मी मीठ देत राहिले.

मग ते हॉस्पिटल. त्या दिवशी तुम्ही चांगले बोलत होतात. तपासायला आलेल्या डॉक्टरणीला तुम्ही गाईची गोष्ट जर्मनमधून सांगितलीत, आणि तिचं मत विचारलंत. ती म्हणाली, रक्तदाब वाढेल असं बोलू नका. ती गेल्यावर तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "ती रडली असणार गं." मी म्हटलं, "हसली. आता गप्प पडा बघू." आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत.

याचा मला फार राग आहे. एरवी एक शब्द ऐकला नाहीत, नेमका तेवढाच ऐकायचा होता? मी काय शेवटचं म्हणून बोलले होते का ते? संध्याकाळी येताना मुगाची खिचडी आणणार होते डब्यातून. वाद पुढे चालू ठेवायचा होता मला.

इथे अस्थी घरी ठेवता येत नाहीत, फ्रीडहोफमध्ये, म्हणजे दफनभूमीतच द्याव्या लागतात. तुम्हाला जागा मिळाली बर्चच्या झाडाखाली, आणि शेजारी कोण असेल? एक निवृत्त पास्टर. दगडावर नाव, खाली 'पास्टर', आणि त्याखाली 'आणि पत्नी'. नाव नाही. मुक्तानं माझ्याकडे बघितलं, येन्सनं मुक्ताकडे बघितलं. आता आई हसणार, असं दोघांनाही वाटलं. एरवी लोळले असते हो मी. पण हसू आलंच नाही. त्यानंतरही कित्येक दिवस नाही. मी घाबरले. वाटलं, तुमच्याबरोबर तेही गेलं, आणि आता मी नुसती 'आणि पत्नी' राहिले.

मग जोशी विमानचा फोन आला. अध्यक्ष आहे ना तो यंदा. "काकू, कार्यक्रम साधाच करू या. काकांच्या फोटोला हार, दोन मिनिटं शांतता, मग वडे."

"आणि कीर्तन?"

"काकू, आता कीर्तन कोण करणार?"

"मी करते."

मग हळूच, "पाद्र्यांवर?"

"नाही," मी म्हटलं, "पाद्रीणबाईवर."

मंडळातल्या दोघी-तिघींनी कुजबुज केली, वर्षाच्या आत कसं काय. मी म्हटलं, वर्षभर थांबायला मी काही पस्तिशीची नाही. खरं सांगते, मला एकच बघायचं होतं. त्या जागेवर पोचल्यावर मला हसता येतं का.

अहो, उभं राहणं वेगळंच असतं! पेटीमागे बसून सगळी कीर्तनं पाठ होती, पण उभी राहिले तर हात आपसूक पेटीकडेच जायला लागले. तुमचं उपरणं घेतलं, झांजा घेतल्या. पेटीवर मुक्ता. लहानपणी पियानो शिकलेली, चार दिवस घरी सराव केला आणि दर वेळी म्हणाली, "मामा, बिट्टे, लांगझाम." म्हणजे जरा हळू घे. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं रूहेत्साइटमध्ये, शांततेच्या वेळात आवाज म्हणून तक्रार केली, तेव्हा तुमची फार आठवण आली. पास्टोरिन पहिल्या रांगेत होती, तिचा नवरा केक घेऊन कोपऱ्यात. मी त्याला खुणेनं पुढे बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. त्याच्यावरही कुणी काही लिहिलेलं नाही.

आणि मग मी तुमच्याच पद्धतीनं चरित्र लावलं. सज्जनहो, एक बाई होती. लहानपणी गावात फिरती शाळा आली, तिथे ती मोठ्या माणसांच्या पाठीमागे बसून वाचायला शिकली. लोणी काढायची ते सगळ्या खोऱ्यात नाव होतं. घोड्याला जुन्या गावाची सवय कशी मोडायची हे तिला ठाऊक होतं. सात भाषांत न सापडणारा शब्द नवऱ्याला हवा असला, की ती चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची. कोंबड्या, मेंढ्या, पुराचं पाणी, देवीची साथ, सगळं रंगवलं. खोटं? असेल थोडं. तुम्ही त्या घोड्याला दर वर्षी नवा रंग द्यायचात, तेव्हा मी काही बोलले होते? आणि मग घाईघाईत, अगदी तुमच्या त्या आवाजात, एकच ओळ: "तिचा नवरा विद्वान होता." की लगेच परत लोणी.

हॉल फुटला हो. जोशी सॉफ्टवेअर खुर्चीवरून घसरला. सगळ्या बायका तर अशा हसल्या, की जणू हे त्यांना कधीचं ऐकायचं होतं.

मग गाय आली. मी तिला आत आणली, पानं चघळायला लावली, पाद्र्याला डोकं धरून खाली बसवलं. बाई दारात आली. मुक्तानं सूर धरला. मी म्हटलं, "आणि ती..."

आणि पुढे शब्दच येईना. दारातून मला शब्दकोश दिसेना, गाय दिसेना. तुम्हीच दिसलात, पगडी घालून, डोकं धरून खाली बसलेले. घळाघळा पाणी आलं डोळ्यांतून. जोशी विमान पाण्याची बाटली घेऊन अर्धा उठला. मी मनात म्हटलं, जिंकलात. शेवटी रडवलीतच तिला.

तेवढ्यात मागून पेटी वाजली. मुक्तानं सूर सोडला नव्हता. तिनं नानांची ती धृपदाची चाल धरली आणि हळूच गायला लागली. मराठीत. शाळेत गेल्यापासून जिनं मला मराठीतून कधी "हो" म्हटलं नाही, ती आपली मुलगी, जर्मन र लावून, गात होती, "तिचा नवरा विद्वान होता." पुन्हा एकदा. मग पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि उचललंच, "तिचा नवरा विद्वान होता." येन्स गायला, पास्टोरिन गायली, केकवाला नवरा तर बाह्या सरसावून गायला. हॅम्बर्गच्या चर्चच्या हॉलमध्ये सत्तर माणसं तुमच्या त्या एका ओळीला चढवतायत, चढवतायत, आणि तुमचं ते हुइल आलं हो! आलंच ते. आणि मला हसू फुटलं. डोळे तसेच वाहतायत, आणि मी पोट धरून हसतेय, झांजा हातातून खाली.

वडे गार झाले, कुणी उठलं नाही.

तेव्हा तुम्ही म्हणालात तसं रडू आलं, हे मी कबूल करते. आधी रडू आलं, हेही करते. पण तो माझा प्रश्न झाला, मी तुमची बायको. त्या पाद्रीणबाईच्या बाबतीत माझं म्हणणं तेच आहे. हसली ती.